सजातीय ध्रुव आणि उदारामचा रिव्हर्स

उदाराम पटलेच्या ट्रॅक्टरचा रिव्हर्स गिअर पडत नव्हता, आणि उदारामला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "मागं कोनाले जायचं हाये?" चिचगडच्या अलीकडे रस्त्यालगत त्याचं गाव. गावातल्या कोणत्याही गल्लीत ट्रॅक्टर घालायचा तर पलीकडून बाहेर पडायला वाट हवी. वाट नसली की तो सरळ कोणाच्या तरी अंगणातून काढायचा. ट्रॅक्टरचा आवाज आला की लोक अंगणातली बाज उचलून भिंतीला लावत आणि तो गेला की पुन्हा टाकत. तक्रार कोणी करत नसे. उदारामकडे तक्रार करण्यापेक्षा बाज उचलणं सोपं होतं.

माणूसही ट्रॅक्टरसारखाच. एकदा बोलला की बोलला. सोमवारी तो चुकून "उद्या बुधवार" म्हणून गेला तर बाकीच्यांनी मंगळवार सोडून द्यायचा. साधं बोलणं इकडच्या झाडीबोलीत, आणि राग आला की हिंदीत. आमच्या गोंदियाकडे रागाला हिंदीच लागते, मराठीत तो नीट तापत नाही. उदाराम हिंदीत शिरला की त्याची बायको जमुनाबाई चुलीवरचं खाली उतरवून ठेवायची, कारण आता जेवण लांबणार.

लेकीची पोरगी त्याच्याकडे राहून शाळेत शिकत होती म्हणून पालक या नात्यानं तो शाळा समितीवर गेला, आणि आवाज मोठा होता म्हणून अध्यक्ष झाला. अध्यक्षाचं काम त्यानं एकच ठरवून घेतलं होतं, रोज दुपारी जाऊन खिचडी चाखायची. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून तो बसायचा, स्वयंपाक करणाऱ्या शकुंतलाबाई ताटलीत चमचाभर खिचडी आणून द्यायच्या, आणि तो म्हणायचा, "मीठ कमी हाये." मीठ बरोबर असायचं. शकुंतलाबाई "हो जी" म्हणून आत जायच्या आणि तीच खिचडी वाढायच्या.

त्या दिवशीही चमचा तोंडाजवळ आला होता. मागच्या खोलीत सहावीचा वर्ग भरलेला होता आणि पोरं एका सुरात ओरडत होती:

"सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात. विजातीय ध्रुव एकमेकांना जवळ ओढतात."

चमचा तिथंच थांबला. पोरांनी पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. खिडकीतून मॅडमचा आवाज आला, "शाब्बास. आता कोण सांगेल, जवळ कोण येतं?" आणि सगळी सहावी एकदम, "विजातीय."

उदारामनं ताटली खाली ठेवली. मीठ कमी आहे हेसुद्धा तो म्हणाला नाही. शकुंतलाबाई घाबरल्या.

आता हे समजायला हवं की 'सजातीय' आणि 'विजातीय' हे शब्द उदारामनं आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकले होते. ते म्हणजे आपल्या पोवार समाजाच्या सभेत, लग्नाच्या विषयावर. चुंबकाला टोकं असतात, त्या टोकांना ध्रुव म्हणतात आणि त्यांचीही अशी जात लावतात, हे त्याला कुठून कळणार? ध्रुव हा त्याला कोणी पोट्टा वाटला. धड्यातला असेल. आपल्या जातीचे दूर ढकलतात, परजातीचे जवळ ओढतात, आणि मॅडम त्यावर शाब्बास म्हणतात. आणि मॅडम कोण? स्नेहल रामटेके. गावाला आडनाव कळलं की बाकीचं गाव आपापलं समजून घेतं, विचारायच्या फंदात पडत नाही.

"हे माह्यावर हाये," उदाराम घरी येऊन म्हणाला. "पोट्ट्यांच्या तोंडानं मले सुनावून राह्यली."

"तुमच्यावर कायले राहीन?" जमुनाबाईनं विचारलं. तिला कारण माहीत होतं, तरी विचारलं.

कारण इंद्रकुमार. लेकीच्या पाठीवरचा एकच मुलगा. ट्रॅक्टर त्याच्या हातात लहानपणापासून. गिअरबॉक्स उघडून अंगणात पसरायचा आणि पुन्हा बसवायचा, एक नट शिल्लक राहायचा नाही. त्यानं एक दिवस घरी सांगितलं की देवरीच्या दवाखान्यात ललिता नावाची नर्स आहे, बौद्ध घरची, आणि आपण तिच्याशी लग्न करणार.

उदाराम म्हणाला, "ये नहीं चलेगा."

इंद्रकुमार म्हणाला, "चलेगा."

घरात दोन माणसं हिंदीत बोलायला लागली तेव्हाच जमुनाबाई समजली की आता संपलं.

लग्न झालं. इंद्रकुमारनं देवरीला हायवेवर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं. पहिल्या दिवाळीला तो ललिताला घेऊन दारात आला. उदाराम खुर्चीत बसला होता. त्यानं खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसला. इंद्रकुमार कमरेवर डावा हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग मिठाईचा डबा ओट्यावर ठेवून दोघं निघून गेली. पुढे समाजाच्या सभेत कोणीतरी 'विजातीय विवाह' हा शब्द काढला तेव्हा उदाराम उठून बोलला, "तो आता माह्या जातीचा राह्यला नाही." बोलला की बोलला. त्यानंतर बाप म्हणायचा, तो येईल. मुलगा म्हणायचा, ते बोलावतील तर जाईन. मधल्या काळात ट्रॅक्टरचा रिव्हर्स गेला, आणि उदारामनं दुसऱ्या कोणाला गिअरबॉक्सला हात लावू दिला नाही.

जमुनाबाईचे दात तेव्हापासून दुखायला लागले. अधूनमधून दुखत, आणि दुखले की देवरीलाच जावं लागे. जाताना पिशवीत लाखोळीची डाळ, घरचा तांदूळ, मोहाचे लाडू असं बरंच काही असायचं. दात दुखणाऱ्या बाईनं लाडू कशाला न्यावेत, हे उदारामनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग त्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं.

तर उदारामनं हेडमास्तरांना सांगून समितीची बैठक लावली. विषय एकच. मॅडम पोरांना काय शिकवतात याची चौकशी, आणि मॅडमची या शाळेतून उचलबांगडी.

शनिवारी शाळा सुटल्यावर समिती सहावीच्या वर्गात जमली. बाक पोरांच्या मापाचे, त्यामुळे गावातली वजनदार माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. उदारामच्या शेजारी चैतराम. चैतराम हा समितीचा सदस्य, आणि त्याचं काम "बरोबर हाये" म्हणणं. बाकीच्यांचंही तेच काम, पण चैतराम सगळ्यात आधी म्हणायचा.

"मॅडम," उदाराम म्हणाला, "सजातीय दूर ढकलते, विजातीय जवळ ओढते, हे तुमी शिकवता का नाही?"

"शिकवते," स्नेहल मॅडम म्हणाल्या. तरुण मुलगी होती, तिनं टेबलावरचं पुस्तक पुढे केलं. "पुस्तकातच आहे जी."

"पुस्तकात हाये म्हणून खरं होते का? बच्चों के दिमाग में ये सब भर रहे हो?"

हिंदी सुरू झाली. हेडमास्तरांनी पंख्याकडे पाहिलं.

"बरोबर हाये," चैतराम म्हणाला.

मॅडम उठल्या, कपाटातून एक पेटी काढली आणि तिच्यातून दोन जाड, बोटभर लांब पट्ट्या उदारामसमोर ठेवल्या. प्रत्येकीचं एक टोक लाल, दुसरं निळं.

"काका, हे चुंबक. मी काही बोलत नाही. तुम्हीच हातात घ्या आणि लाल टोकाला लाल टोक लावून दाखवा."

उदारामनं दोन हातांत दोन चुंबक घेतले आणि लालला लाल लावायला गेला. लागेना. त्यानं भुवया वर केल्या. पुन्हा लावले. मध्ये काही दिसत नव्हतं, पण काहीतरी होतं, लोण्याचा गोळा ठेवल्यासारखं. दाबावं तर एक चुंबक बोटांतून बाजूला सटकायचा. उदाराम हरणाऱ्यांतला नाही. त्यानं दंडाचा जोर लावला, दात आवळले आणि दोन्ही लाल टोकं एकमेकांना भिडवलीच.

"लागले," तो म्हणाला.

"सोडा आता," मॅडम म्हणाल्या.

त्यानं सोडले. दोन्ही चुंबक टणकन दूर झाले आणि एक चैतरामच्या बाकाखाली गेला. चैतराम वाकून घेऊन आला.

"लाल हा उत्तर ध्रुव, निळा दक्षिण ध्रुव," मॅडमनं सांगितलं. "लाल-लाल किंवा निळा-निळा, म्हणजे एकाच प्रकारची टोकं, त्यांना सजातीय ध्रुव म्हणतात. ती एकमेकांना ढकलतात. आता यातला एक फिरवा."

उदारामनं एक चुंबक फिरवला. लालसमोर निळा आला. जवळ न्यायच्या आतच दोन्ही चुंबक एकमेकांवर जाऊन आदळले, आणि उदारामच्या अंगठ्याचं कातडं मध्ये सापडलं. त्यानं अंगठा सोडवून घेतला आणि पाहत राहिला.

"ध्रुव म्हंजे हे टोक?" त्यानं विचारलं. हिंदी गेली होती.

"हो जी. चुंबक दोऱ्यानं टांगला की फिरून फिरून हे लाल टोक उत्तरेकडं येऊन थांबतं, म्हणून उत्तर ध्रुव." मॅडमनं एका चुंबकाला मधोमध दोरा बांधला आणि खिडकीच्या चौकटीला टांगला. चुंबक डोलला, फिरला, परत फिरला आणि लाल टोक बाहेरच्या चिंचेकडे रोखून थांबला. उदारामनं त्याला बोटानं दुसरीकडे वळवलं. तो डोलत डोलत पुन्हा तिकडेच गेला. चिंचेच्या पुढे डांबरी रस्ता होता, आणि रस्ता देवरीला जात होता. उदारामनं नजर काढून घेतली.

जातीपातीचा विषय नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बैठक इथंच संपायला हरकत नव्हती. पण उदारामनं मांडी बदलली. त्याला आता वेगळंच काही सुचलं होतं आणि ते डोक्यातून जाईना.

"आन लोखंड?" त्यानं विचारलं.

मॅडमनं पेटीतून खिळे काढून टेबलावर टाकले. खिळा लाल टोकाला चिकटला. तोच खिळा निळ्या टोकालाही चिकटला. फिरवून लावला तरी चिकटला.

"खिळा तर कोनत्याबी बाजूनं चिकटते," चैतराम म्हणाला. "बरोबर हाये."

उदारामनं चैतरामकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणून काका, नुसतं चिकटलं तर तो चुंबकच आहे असं म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. आता ती शिकवायला लागली होती. तिनं कागदात गुंडाळलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या पुढे केल्या. "यातला एक चुंबक, एक साधं लोखंड. ओळखा."

उदारामनं पहिल्या पट्टीजवळ आपला चुंबक नेला. चिकटली. दुसरीजवळ नेला. तीही चिकटली. त्यानं चुंबकाचं टोक बदललं. पहिली पुन्हा चिकटली. दुसरी मात्र टेबलावरच सरकली, मागे, त्याच्यापासून दूर.

"हा," उदाराम म्हणाला.

"कशावरून?"

"हा ढकलून राह्यला."

"बरोबर. चिकटणं लोखंडालाही जमतं. ढकलतो तोच खरा चुंबक. चुंबकाची खरी परीक्षा ढकलण्यातच होते."

 उदारामच्या कपाळावर आठी पडली होती, पण ती रागाची नव्हती. रागाची आठी गावाला पाठ होती, ही वेगळी होती.

"मंग मॅडम," तो सावकाश म्हणाला, "जे दोन टोकं एकमेकाले ढकलून राह्यले, ते सजातीय. एका जातीचे."

"हो जी."

"आन त्यातल्या एकाची जात बदलली असती तर?"

"तर ते ढकललेच नसते. चिकटले असते."

"पक्कं?"

"तुमच्या हातानंच केलं ना तुम्ही आता."

उदारामनं मान हलवली. मग म्हणाला, "चुंबक मोडून दोन तुकडे केले तर? एक टोक इकडं, एक तिकडं?"

"नाही होत. मोडला तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव येतात. तुकडासुद्धा पुरता चुंबकच असतो."

"म्हंजे मोडून गेला, तरीबी चुंबकच."

"हो जी."

उदाराम उठला. बाकात अडकलेले गुडघे सोडवायला त्याला जरा वेळ लागला. "धडा बरोबर हाये," तो म्हणाला. "मॅडम इथंच राहतीन."

"बरोबर हाये," चैतराम म्हणाला.

"तू चूप बैस, खिळ्या," उदाराम म्हणाला. मग हेडमास्तरांना विचारून त्यानं दोन्ही चुंबक सोमवारपर्यंत मागून घेतले. अध्यक्षाला नाही म्हणायची त्या शाळेत पद्धत नव्हती.

घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि संध्याकाळभर तेच करत राहिला. लालला लाल. लालला लाल. मग एक फिरवायचा. जमुनाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "का करून राह्यले?"

"जमुना, इंद्र्या कोनावर गेला?"

इतक्या दिवसांत हे नाव या घरात मोठ्यानं उच्चारलं गेलं नव्हतं. जमुनाबाईनं सूप खाली ठेवलं. "तुमच्यावर. दुसऱ्या कोनावर जाईन? कमरेवर हात ठेवून उभा राहते तोबी."

"सारं गाव मले हो म्हणते. चैत्या हो म्हणते. तो एकटाच नाही म्हनला."

"मंग?"

"मंग काही नाही." त्यानं लालला लाल लावायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. "त्याची जात बदलली नाही. बदलली असती तर असा ढकलला नसता. मी सभेत चुकीचं बोललो."

जमुनाबाई या माणसाबरोबर जन्म काढत होती. 'चुकीचं बोललो' हे शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. ती रडली नाही, पण तांदळातला खडा समजून तिनं तांदूळच निवडून फेकला.

"तुहा दात कवा दुखनार हाये?" उदारामनं विचारलं.

"उद्या," जमुनाबाई म्हणाली.

"बरं. टॅक्टरनं जाऊ. रिव्हर्स पडत नाही, तोबी दाखवून घेऊ."

देवरीला हायवेवरच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर थांबला तेव्हा इंद्रकुमार एका गाडीखाली होता. ओळखीचा आवाज ऐकून तो बाहेर आला, हात पुसले आणि उभा राहिला. डावा हात कमरेवर. उदाराम खाली उतरला आणि समोर उभा राहिला. डावा हात कमरेवर. जमुनाबाई दोघांकडे एकदा पाहून पिशवी घेऊन मागच्या खोलीत सुनेकडे निघून गेली. तिला हे दृश्य पाठ होतं.

दोघं उभे होते.  हायवेवरून ट्रक जात होते. उदारामला छातीत तेच जाणवत होतं, शनिवारी बोटांना जाणवलेलं, मध्ये काही दिसत नाही पण पुढे जाऊ देत नाही. जोर लावून भिडवता आलं असतं. पण सोडल्यावर काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं खिशातले चुंबक चाचपले. खिशात ते एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.

एकानं फिरायला पाहिजे.

मग उदाराम फिरला. पुरता वळला आणि पोराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. दिवाळीला खुर्ची फिरवली होती तसाच, फक्त या वेळी मनात दुसरं होतं. ते कोणाला दिसणार?

ललिता चहा घेऊन बाहेर आली होती. तिनं सासऱ्याची पाठ पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग सरळ चालत सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. नर्स होती, अडून बसलेली माणसं तिच्या रोजच्या पाहण्यातली.

"बाबूजी, अशी पाठ करून कायले उभे जी? चहा निवून राह्यला."

"प्रयोग करून राह्यलो," उदाराम म्हणाला.

"कशाचा?"

"थांब जरासाक."

ललिता थांबली. कप हातातच. तेवढ्यात मागे खडीवर पावलं वाजली. आधी एक, मग जरा वेळ काही नाही, मग भराभर. आणि पाठीमागून, अगदी कानाजवळ, इंद्रकुमारचा आवाज आला.

"रिव्हर्स कवापासून पडत नाही?"

उदाराम वळला नाही. वळला असता तर डोळे दिसले असते. "तू गेला तवापासून."

"मंग मले कायले नाही सांगतलं?"

"आता सांगून राह्यलो ना," उदाराम म्हणाला. त्यानं ललिताच्या हातातला कप घेतला. एक घोट प्यायला.

"साखर कमी हाये," तो म्हणाला.

ललितानं साखर बरोबर घातली होती. ती काही बोलायच्या आत आतून जमुनाबाई म्हणाली, "हो म्हण बाई, आन तोच चहा पुन्हा दे."

इंद्रकुमार तोवर ट्रॅक्टरवर चढला होता. गिअरबॉक्स उघडायला, धुवायला, बसवायला दुपार गेली. नट एकही शिल्लक राहिला नाही. मग त्यानं बापाला सीटवर बसायला सांगितलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.

"टाका," तो म्हणाला. "मी हावो मागं."

उदारामनं क्लच दाबला आणि गिअर टाकला. पडला. ट्रॅक्टर सावकाश मागे आला.